तुझ्या घागरीतलं पाणी

वहिनी,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुझ्या नावाची पहिली घागर भरली. ती भरेपर्यंत घरात जे झालं ते तुला सांगायला बसलो आहे. तू असतीस तर मध्येच म्हणाली असतीस, "भाऊ, आदी शेवट सांगा, मंग लांबड लावा." शेवट आधी सांगणार नाही. आपल्या भाऊबंदांत गोष्टी सांगणारा म्हणून माझं थोडंफार नाव आहे, आणि इतक्या वर्षांत माझी एकही गोष्ट तू शेवटापर्यंत ऐकली नाहीस. ऐन रंगात आली की तुला कुठला तरी हंडा झाकायचा असायचा. आता मात्र उठून जाता यायचं नाही.

पेपरात तुझा फोटो आला. खाली 'प्रेमळ आणि मनमिळाऊ' असं छापलं होतं. मजकूर मीच दिला होता, त्या वेळी दुसरं काही सुचेना. पण छापलेलं वाचताना मलाच हसू आलं. मनमिळाऊ तू होतीसच, फक्त रांजणात कोणाचा हात बुडेपर्यंत. त्यानंतर तू कोणाची नव्हतीस. जावयाचीसुद्धा नाही.

लग्न होऊन आलीस तेव्हा मी चड्डीत होतो आणि नाक पुसायला सदऱ्याची बाही वापरत होतो. तरी धाकटा दीर म्हणून तू मला अहो-जाहो केलंस, आणि त्याच अहो-जाहोत माझ्या हातातला तांब्या काढून घेतलास. "भाऊ, तांब्या रांजणमा बुडवू नका. बोटं बुडतस." मी तुला तेव्हापासून 'तू' म्हणतो. ज्या बाईने आपली बोटं पाहून तोंड वाकडं केलं, तिला 'तुम्ही' म्हणण्यात अर्थ नव्हता.

नवी सून आल्या आल्या पाण्यावर पहारा बसवते, हे जिजीला, म्हणजे आपल्या आईला, झेपलं नाही. झेपणारही नव्हतं. रांजण तिच्या सासूचा होता. तोवर आपल्या घरी पाण्याला नियम नव्हते. शेतातून यायचं, तांब्या बुडवायचा, मान वर करून घटाघटा ओतायचं, उरलेलं परत रांजणात. तांब्या जमिनीवर, जमिनीवरून पुन्हा रांजणात. याच पाण्यावर घरातल्या पिढ्या वाढल्या, असं जिजी म्हणायची. किती जण वाढायचे राहिले ते ती म्हणायची नाही. तूही तिला कधी विचारलं नाहीस. बाकी सगळ्यावर भांडलीस, तेवढं मात्र कधी काढलं नाहीस.

पाण्याची तुझी भाषाच वेगळी होती. विहिरीवरून आलेलं पाणी 'कच्चं'. हंड्याच्या तोंडाला जिजीच्या जुन्या लुगड्याची दुहेरी घडी बांधून ते गाळायचं, उपकेंद्राच्या नर्सबाईंनी दिलेल्या बाटलीतले थेंब टाकायचे, झाकण ठेवायचं, आणि अर्धा तास कोणी त्याच्याकडे फिरकायचं नाही. मग ते 'पिकायचं'. आढीतल्या आंब्यासारखं. एक हंडा पिकलेला आणि एक पिकत असलेला, असा तुझा कारभार. पण लग्नसराईत हिशेब चुकायचा. पाहुणा बस चुकवून, पायी, घामाघूम होऊन दारात उभा, आणि तू आतून सांगणार, "बसा, पानी पिकी ऱ्हायनं." एकदा सुमनचे काका आले होते. माझ्या बायकोकडचा माणूस, भलताच मानी. ते अर्धा तास ओसरीवर बसले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे पाणी झाडाला लागतं का?"

जिजीचं दुःख निराळं होतं. "मना लुगडानं गाळेल पानी बठ्ठा पेतस. लोके काय म्हनतीन?" ती शेजारणींना सांगायची. पण लुगडं जुनं झालं की ते बोहारणीला न देता तुझ्या हाताला लागेल असं खुंटीवर ठेवायचीही तीच. हे तिला विचारलेलं आवडायचं नाही.

पिकलेल्या पाण्याला दवाखान्याचा वास यायचा. मी जळगावला शाळेत कारकून झालो, पिंप्राळ्यात बिऱ्हाड केलं, तरी शनिवारी धरणगावची एस.टी. धरून गावी यायचोच. आलो की तू पेला पुढे करायचीस. मी घोट घ्यायचो आणि दंड चोळायला लागायचो. "वहिनी, तुझ्या हातचं पाणी प्यायलं की इंजेक्शन घेतल्यासारखं वाटतं." तू मान न वळवता म्हणायचीस, "बरं शे ना. सुई वाचनी." दर शनिवारी हाच विनोद आणि हेच उत्तर. माझे विनोद जुने झाले की मी ते बदलत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तू उत्तर बदललं नाहीस, ते का, हे आता विचारायला हवं होतं असं वाटतं.

मग छत्रीचं प्रकरण. माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली छत्री, वेताची वाकडी मूठ, लखलखीत दांडा. धरणगावच्या स्टँडवर वावटळीत तिचं कापड फाटलं, काड्या उलट्या झाल्या. दुरुस्त करून आणतो म्हणून मी ती गावी ठेवली आणि विसरलो. पुढच्या खेपेला आलो तर रांजणाच्या वर खुंटीला माझ्या छत्रीची मूठ लटकलेली. खाली दांडा, आणि दांड्याच्या टोकाला कल्हईवाल्याकडून जोडून घेतलेला स्टीलचा पेला. लांब दांड्याची डवली हवी असं नर्सबाईंनी सांगितलं होतं, बाजारात मिळणारी आपल्या रांजणाच्या तळाला पोचत नव्हती. माझ्या सासऱ्यांची छत्री पोचली. बोटं बुडत नव्हती, आणि मूठ वाकडी असल्यामुळे डवली जमिनीवर ठेवायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. सुमनने ते पाहिलं आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तुझ्याशी मात्र बोलत होती. बाबांची छत्री तुम्ही फाडलीत, वहिनींनी निदान कामाला लावली, असा तिचा न्याय.

हापसा आला तेव्हा वाटलं, आता भांडण मिटलं. जमिनीतलं पाणी, वर झाकलेलं, त्यात बोट कोणाचं बुडणार? पण त्या पाण्यात डाळ शिजेना. चहाला फेस यायचा, आणि जिजीने जाहीर केलं की लोखंडातून आलेलं पाणी हे पाणीच नव्हे. बायका पुन्हा विहिरीवर गेल्या. तू तोड काढलीस, प्यायला हापशाचं आणि डाळीला विहिरीचं. जिजीने त्याच्या बरोबर उलट केलं. काही दिवस आपल्या घरात दोन हंड्यांवर दोन झाकणं होती आणि दोन पक्ष होते. उन्हाळ्यात हापसा कोरडा पडला तेव्हा दोन्ही पक्ष दोर घेऊन एकाच विहिरीवर उभे होते.

हे वेड तुला कुठून लागलं, असं मी तुला किती वेळा विचारलं असेल. दर वेळी तू नवं कारण दिलंस. एकदा म्हणालीस, "मना माहेरले, दोंडाईचाले, इंजिनले बी टाकीनं पानी पाजतस. मी काय इंजिनपेक्षा हलकी शे का?" एकदा म्हणालीस, तुमच्या घरचं पाणी हळदीच्या दिवशी प्यायले आणि मांडवात उभं राहता येईना, तेव्हाच ठरवलं. एकदा म्हणालीस, नर्सबाई दारात येऊन विचारते, मला खोटं बोलायला लाज वाटते. आणि एकदा, कणीक तिंबता तिंबता, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "माले एक लहानी बहीन व्हती." मी वाट पाहिली. तू उठलीस, हात धुतलेस आणि हंड्यावरचं झाकण नीट केलंस. ते नीटच होतं.

तेव्हा मी विचारलं नाही. म्हटलं, सांगायचं असेल तर सांगेल.

आणि मग ती आखाजी. तुला सांगायला नको, पण ही पानं कोणी परकं वाचेल म्हणून लिहितो. आखाजीला आपल्या घरी पितरांची घागर भरायची ती कोऱ्या पाण्याने. सकाळी विहिरीतून पहिलं ओढलेलं, न गाळलेलं, कोणी न चाखलेलं. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवायची. विस्तवावर तूप आणि घास टाकायचा, ती आगारी. सगळं झालं की त्याच घागरीतलं पाणी घरातल्या प्रत्येकाने ओंजळीत घेऊन प्यायचं. लहान पोरांनी आधी.

त्या वर्षी विहिरीच्या तळाला चहाच्या रंगाचं पाणी उरलं होतं. आगारी झाली, आणि पोरांच्या आधी आबांनीच ओंजळ पुढे केली. आपले चुलते, त्यांना कशातही पहिला मान लागतो. त्यांनी घोट घेतला आणि ते भिंतीवर थुंकले. "हाई काय? पितरेस्ले फिनेल पाजं का?"

घागरीचं पाणी तू पहाटेच पिकवलं होतंस.

सगळे तुझ्याकडे पाहायला लागले. जिजी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुना सासरा पानी न पेताच परत गया." तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मामांस्ले आते काय व्हनार शे? जे व्हई ते पोरेस्ले व्हई."

उत्तर नसलं की आपल्याकडे अबोला धरतात. तुझं आणि जिजीचं पुढे बोलणं सुरू झालं, पण घागरीचा वाद राहिला तो राहिलाच. पुढे दर आखाजीला घागर कोऱ्या पाण्याची, जिजीची. तिच्या शेजारी झाकलेला हंडा, तुझा. पोरांना तू हंड्यातलं द्यायचीस, मोठ्यांना जिजी घागरीतलं, आणि तुम्ही दोघी अशा बसायचात की मधून मांजरानेही जाऊ नये. मी शिकलेला, म्हणून निवाडा माझ्याकडे यायचा. मी म्हणायचो, दोघींचंही बरोबर आहे, आणि दोघींकडून एकेक सांजोरी जास्त घ्यायचो. असा निवाडा देणारा माणूस घरात असेल तर वाद कशाला मिटेल?

तुझं पाणी नेहमीच जिंकलं असं नाही. माझ्या दादाला, तुझ्या नवऱ्याला, कावीळ झाली तेव्हा तो डोळे पिवळे करून ओसरीवर पडला होता आणि जिजी त्याच्या उशाशी बसून तुला ऐकू जाईल असं म्हणायची, "एवढा थेंब, एवढं गाळनं, मंग हाई काय?" दादा कापूस घेऊन बाजारात जायचा, तिथल्या डब्यातलं पाणी प्यायचा, हे तिलाही कळत होतं. पण तू थेंबाची बाटली फळीवर मागे सरकवून ठेवलीस आणि काही दिवस तिला हात लावला नाहीस. नंतर एका सकाळी हंड्याला पुन्हा वास आला. दादा बरा झाला आणि बाजारात जाताना गोणपाटात गुंडाळलेली बाटली घरून न्यायला लागला. लोक त्याला हसायचे, "पाटील, बायकोनं पानी बांधी दिधं का?" तो 'हां' म्हणायचा. माझा भाऊ बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्या 'हां'मध्ये त्याचं किती बोलणं होऊन गेलं, ते तुला कळलं असेल. मला वाटतं, कळलं होतं. कारण ते गोणपाट तू रोज नव्याने ओलं करायचीस.

आता ती गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नव्हती.

माघात तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि जीपमध्ये घालून तुला जळगावला आणलं. खाटेवर पडल्या पडल्या तू पहिल्यांदा काय विचारलंस? "हाई पानी कोठलं शे?" दवाखान्याचा पेला तू हातानेच मागे सारलास. मी स्कूटरवरून पिंप्राळ्याला गेलो. ती वाटेत एकदा बंद पडली, तिची रीतच आहे. सुमनने नळाचं पाणी गाळून उकळलं, थंड केलं, फिरकीच्या तांब्यात भरून दिलं. मी ते घेऊन आलो आणि नेहमीचं तोंड सुटलं. "वहिनी, मुद्दाम नाल्यातलं आणलंय. म्हटलं, तुझ्या तोंडाला चव येईल." तू डोळे मिटून हसलीस. "झाकीसन आनं ना? मंग चाली."

तू माझ्याशी बोललीस ते एवढं शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा औषध आणायला खाली गेला होता. तुझा श्वास बदलला. नर्स धावत आली, मला म्हणाली, तोंडात पाणी घाला. माझ्याजवळ गंगा नव्हती. तुळशीचं पान नव्हतं. जिजीची काशीहून आलेली, लाखेने बंद केलेली गंगेची लोटी गावी देवघरात होती. माझ्या हातात फिरकीचा तांब्या होता. मी झाकणात थोडं ओतलं आणि तुझ्या ओठांना लावलं. तू गिळलंस की नाही, ते मला कळलं नाही. ओठ ओले झाले, एवढं खरं.

घरी आणलं तेव्हा रडारडीत जिजीने विचारलं, "गंगा टाकी ना तिना तोंडमा?" मी तोंड उघडायच्या आत आबाच म्हणाले, "टाकी, टाकी. भाऊ व्हता ना तठे." मी नाही म्हटलं नाही. जिजी जरा सावरली. आणि मला पुढचे दिवस एकच लागून राहिलं. जिजीला वाटत होतं तू गंगा घेऊन गेलीस. मला माहीत होतं, तू पिंप्राळ्याच्या नळाचं पाणी घेऊन गेलीस.

तेराव्याला दोंडाईच्याहून तुझा भाऊ आला. त्या लहान बहिणीचं त्याला विचारायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. त्याला पाणी हवं होतं. सुमन उठायच्या आधी तो स्वतःच हंड्याशी गेला. झाकण उचललं, आत वाकून पाहिलं, झाकण ठेवलं, मग छत्रीची डवली खुंटीवरून काढली. तुझं वाकणं, तुझी मान. मग मी विचारलं नाही.

त्यानंतर शनिवारी येत राहिलो. घर तुझ्यावाचून सैल पडलं होतं. पोरं तांब्या बुडवतील, रांजण उघडा राहील, असं मी धरूनच चाललो होतो. पण दर वेळी पाणी प्यायलो की तोच दवाखान्याचा वास. मी एस.टी.त खिडकीशी बसून स्वतःला समजावायचो, की माणूस गेलं तरी त्याचा वास घरात राहतो म्हणतात, तो हा असेल. डोळे भरून यायचे. यावर एक मोठा लेख लिहावा असंही मनात आलं होतं. बरं झालं लिहिला नाही.

आता काल.

कुंभाराकडची नवी घागर ओट्यावर होती. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली घागर म्हणून भाऊबंद जमले होते. सुमनने विचारलं, "जिजी, पाणी कुठलं घेऊ?"

"कोरं," आबा म्हणाले. "रीत शे."

"वहिनींच्या घागरीत कोरं?" सुमन म्हणाली. ती सहसा आबांसमोर बोलत नाही.

दादा जमिनीकडे पाहत होता. बाकीचे माझ्याकडे पाहायला लागले, निवाड्यासाठी. मी नेहमीप्रमाणे दोघांचंही बरोबर आहे म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिजी देवघरातून लोटी घेऊन आली. लाखेवर नख लावत म्हणाली, "तिना तोंडमा गंगा पडेल शे. घागरमा बी गंगाच टाकू."

इतकी वर्षं तिने ती लोटी स्वतःसाठी जपली होती. तुझ्यासाठी फोडत होती.

वहिनी, मला ते पाहवेना. मी म्हटलं, "जिजी, थांब. गंगा नव्हती."

आणि सांगितलं. स्कूटर, फिरकीचा तांब्या, झाकण, सगळं. विनोद न करता सांगितलेली ही माझी पहिलीच गोष्ट असेल. आबा काहीतरी पुटपुटले. जिजी लोटी मांडीवर धरून बसली. तिच्या सुनेने शेवटी गंगाही घेतली नाही, हे तिला किती लागेल, या भीतीनेच मी इतके दिवस गप्प होतो. ती मला म्हणाली, "मंग काय पिनी ती?"

"सुमननं उकळेल पानी. गाळेल. झाकीसन आनेल."

जिजीने लाखेवरचं नख काढलं.

"पिकेल?"

पिकलेलं, हा तुझा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. एवढी वर्षं ती त्याला 'औशिदनं पानी' म्हणायची.

"पिकेल," मी म्हटलं.

ती उठली, लोटी देवघरात जागच्या जागी ठेवून आली. "मंग आते तिले कच्चं कसाले देवानं? बाटली आना."

मी लगबगीने उठलो. फळीवर शोधलं, कोनाड्यात शोधलं, देवघरामागे शोधलं. तू गेल्यापासून ती बाटली कोणी पाहिली असेल, असं मला वाटत नव्हतं. मी तिसऱ्यांदा फळीकडे वळलो तेव्हा दादाने बंडीच्या खिशात हात घातला आणि बाटली काढून ओट्यावर ठेवली. नवी होती, अर्धी संपलेली.

"रोज मीच टाकस," तो भिंतीला म्हणाला. "सकाळले."

"माले माहीत शे," जिजी म्हणाली. "माले काय वास येस नही का?"

वास. माझ्या खिडकीतल्या आसवांचा वास. वहिनी, तू हसतेस ना? हस.

मग जिजीने खुंटीवरचं आपलं लुगडं काढलं, दुहेरी घडी करून घागरीच्या तोंडाला बांधलं. सुमन छत्रीच्या डवलीने ओतत गेली. दादाने ओठांत मोजत थेंब टाकले, वर झाकण ठेवलं, आणि जिजी झाकणावर हात ठेवून बसली.

सगळे तिच्याभोवती बसले. डांगर बाजूला, सांजोऱ्या झाकलेल्या. पोरं चुळबुळ करत होती. विस्तवावर राख धरायला लागली तेव्हा आबांना राहवलं नाही. "इस्तो इझी चालना. पितर ताटकळतीन."

"ताटकळू दे," जिजी म्हणाली. "जनमभर तिनी पाहुनास्ले थांबाडं. आते ती बी थांबी. आजून पानी पिकनं नही."

आबांनी विस्तवावर फुंकर घातली.

पाणी पिकलं. आगारी झाली. पोरांनी आधी ओंजळी पुढे केल्या, आणि या वेळी त्यांना वेगळ्या हंड्यातलं देणारं कोणी नव्हतं, द्यायची गरजही नव्हती. आबांनी डोळे मिटून गिळलं. जिजीने घेतलं, तोंड वाकडं केलं, पदराने ओठ पुसले आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. शेवटी माझी पाळी आली. मी घोट घेतला आणि सवयीने हात दंडाकडे गेला. चोळायला लागलो तेव्हा लक्षात आलं की पुढचं म्हणायला आता घरात कोणी नाही.

"बरं शे ना," दादा म्हणाला. "सुई वाचनी."

संपली गोष्ट. आता उठलीस तरी चालेल, वहिनी. हंडा झाकलेला आहे.